चोर्ला घाटात गाडी बंद पडली तर रोडसाइड असिस्टन्सला इतका वेळ का लागतो?

साखळीवाला:
साखळी ते बेळगाव महिन्याला तीन-चार फेऱ्या असतात. गाडी पेट्रोल ऑटोमॅटिक, विम्याबरोबर रोडसाइड असिस्टन्स घेतलेला आहे. घाटात अडकलं की माणूस यायला दोन-तीन तास लागतात असं जो तो सांगतो. हा वेळ नेमका जातो कुठे? आपल्या हातात काही आहे का?

गॅरेजकट्टा:
फोन उचलणारा गोव्यात बसलेला नसतो, इथून सुरुवात करा. तो तुमचं काम वेंडरकडे, म्हणजे कंपनीने नेमलेल्या क्रेनवाल्याकडे किंवा गॅरेजकडे पाठवतो. वेंडरने सोडलं की पुढच्याकडे. रात्रीचं घाटातलं काम पटकन कोण घेणार?

त्यात पत्ता. नुसतं ‘केरी’ म्हणालात की संपलं! सत्तरीत केरी, पेडण्यात केरी, फोंड्यातही केरी. क्रेन तिकडे समुद्रावर आणि तुम्ही इकडे जंगलात. तालुका सत्तरी, साखळी–बेळगाव रस्ता, गाडीचं तोंड कुठे आणि हद्द ओलांडली की नाही, एवढं पहिल्याच फोनवर सांगा. राज्य चुकलं तर काम भलत्याच बाजूच्या वेंडरकडे जातं. नेट गेलं तरी जीपीएस चालतं. नकाशावर निळ्या ठिपक्याशी बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांशाचे आकडे येतात, ते एसएमएसने पाठवा.

गाडी ऑटोमॅटिक आहे हे त्यांनी विचारायची वाट बघू नका. चारही चाकं जमिनीवर ठेवून दोरीने ओढायची नाही. इंजिन बंद म्हणजे गिअरबॉक्सचा तेलपंप बंद, आतले भाग कोरडे फिरतात. फ्रंट व्हील ड्राइव्हला (इंजिनची ताकद पुढच्या चाकांना) पुढची चाकं उचलणारी क्रेन चालते, पण इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल आणि बॅटरी मेली असेल तर मागची चाकं जाम. तिथे फ्लॅटबेडच, म्हणजे अख्खी गाडी पाठीवर घेणारा ट्रक मागवा. चुकीचं वाहन आलं तर ते परत जातं आणि घड्याळ पुन्हा शून्यावर.

पेडणेकर६६:
सगळ्याला क्रेन लागत नाही, भाऊ. चावी फिरवल्यावर कटकट आवाज आणि दिवे मंद, म्हणजे बहुतेक बॅटरी. भरलेली बॅटरी बंद गाडीत साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली असेल तर उतरलेली समजा. ऑटोमॅटिक ढकलून सुरू होत नाही, म्हणून दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून सुरू करायला जंपर केबल डिकीत हवीच, आणि जाड हवी. पातळ केबल तापते, स्टार्टर फिरत नाही. लाल टोक मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरं लाल चांगलीच्या प्लसला, मग काळं मायनसला मायनस.

चढावर इंजिनच्या तापमानाचा काटा वर गेला तर एसी बंद, हीटर पूर्ण, आणि बाजूला थांबा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, आत दाब असतो. पाऊण तास तरी थांबा.

गॅरेजकट्टा:
शेवटचं काळं टोक मेलेल्या बॅटरीच्या मायनसला नको. इंजिनच्या उघड्या धातूच्या भागाला लावा, बॅटरीपासून लांब. ठिणगी तिथेच उडते, आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेटतो. काढताना उलट क्रम.

डिचोली_फेरी:
पावसाळ्याचं राहिलंच. पाणी साचलेल्या रस्त्यात गाडी विझली तर पुन्हा सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. केबल लावून गाडी सुरू करण्यासारखी साधी सर्व्हिस इथे उपयोगाची नाही, सरळ टोइंग सांगा.

आणि धुक्यात इशाऱ्याचा लाल त्रिकोण वळणाच्या अलीकडे ठेवा, वळणानंतर नाही. मागच्याला ब्रेक मारायला जागा हवी. हझार्ड लाइट चालू ठेवा आणि गाडीत बसू नका, डोंगराच्या बाजूला उभे राहा. धोका वाटला तर ११२. १०३३ हा नंबर राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे, ६६ वर असताना लक्षात ठेवा.

साखळीवाला:
टोइंग फुकट म्हणतात, ते कुठपर्यंत?

गॅरेजकट्टा:
पॉलिसीच्या कागदात किलोमीटरची मर्यादा आणि वर्षाला किती वेळा ते लिहिलेलं असतं. बहुधा ‘जवळच्या अधिकृत वर्कशॉप’पर्यंत. तुम्हाला म्हापशालाच न्यायची असेल तर जादा अंतराचे पैसे आधी फोनवर ठरवा, क्रेनवाल्याशी रस्त्यात नाही.