मदत हवी आहे : कॅसल कूमच्या स्क्रूप घराण्याचा माग

इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यातल्या कॅसल कूमच्या स्क्रूप घराण्याची वंशावळ लावतोय आणि एका जागी अडकलोय.

सर स्टीफन स्क्रूप 1408 मध्ये वारले. त्यांची विधवा मिलिसंट हिने 1409 मध्ये सर जॉन फॅस्टॉल्फशी लग्न केलं. पहिल्या लग्नाचा मुलगा, धाकटा स्टीफन, तेव्हा अल्पवयीन होता. फॅस्टॉल्फने या सावत्र मुलाचं पालकत्व, म्हणजे अल्पवयीन वारसावरचा आणि त्याचं लग्न ठरवण्याचा हक्क, न्यायाधीश विल्यम गॅस्कॉइनला 500 मार्कांना विकलं, म्हणजे सुमारे 333 पौंडांना, आणि पुढे परत घेतलं. आपल्याला जनावरासारखं विकलं, असं स्टीफनने म्हातारपणी लिहून ठेवलंय. ते वाचल्यापासून हा मुलगा डोक्यातून जात नाही.

जमीनदार मेला की राजाचा अधिकारी स्थानिक पंच बसवून चौकशी करी : जमीन किती, कोणाकडून धरलेली, वारस कोण, त्याचं वय काय. वय मात्र बरेचदा अंदाजाने, ‘इतकी वर्षं आणि अधिक’ असं नोंदवत. म्हणून मला स्टीफनला 21 पूर्ण झाल्याची साक्ष, म्हणजे वयाचा पुरावा, हवाय. त्यात शेजारीपाजारी जन्माच्या आठवणी सांगतात.

दोन प्रश्न. पालकत्वाचा खाजगी सौदा राजाच्या पेटंट रोलमध्ये, म्हणजे खुल्या राजपत्रांच्या नोंदींत, सापडेल, की फक्त घराण्याच्या दप्तरात? आणि आई जिवंत असताना, तिच्या माहेरची जमीन तिच्याकडेच असताना, मुलाच्या वयाचा पुरावा मुळात घेतला जाई का?

लॅटिन नोंदी वाचलेल्या कोणी असेल तर कृपया सांगा. राज्यवर्षांवरून, म्हणजे राजाच्या कारकिर्दीच्या कितव्या वर्षी यावरून, तारखा मी काढू शकतो.