ओपन स्पेसमध्ये मंदिर आणि वर्गणी सगळ्या घरांकडून, हे बरोबर आहे का?

जुळे_सोलापूर:
नमस्कार मंडळी. आमची सोसायटी जुळे सोलापुरात आहे, बंगल्यांची, ५४ प्लॉट. लिंगायत, पद्मशाली, मराठा, धनगर, दोन बौद्ध घरं आणि तीन मुस्लिम. पंधरा वर्षं झाली राहायला, भांडण झालं असेल तर ते पाण्यावरून, चार-पाच दिवसांआड नळ येतो तेव्हा मोटार कोण आधी लावतो यावरून, धर्मावरून कधीच नाही.

मागच्या महिन्यात मीटिंगमध्ये ओपन स्पेसमध्ये मंदिर बांधायचं ठरलं, प्रत्येक घराने ११ हजार द्यायचे. ठरलं म्हणजे एकाने विषय काढला, आम्ही आठ-दहा जणांनी जयजयकार केला आणि सेक्रेटरींनी लिहून घेतलं, हात वर करा वगैरे काही नाही. मी श्रद्धाळू माणूस आहे, बारा वर्षं झाली बाराबंदी (पांढरा पारंपरिक अंगरखा) घालून ग्रामदैवत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या, म्हणजे सजवलेल्या उंच मानाच्या काठ्यांच्या, मिरवणुकीत चालतोय. आईचे गुडघे गेलेत, तळ्यातल्या सिद्धेश्वर मंदिरापर्यंत तिला नेणं होत नाही, दारात देव आला तर रोज दर्शन होईल एवढंच डोक्यात होतं.

वर्गणीचं पावती पुस्तक माझ्याकडे आलं. शेजारी एक रिटायर्ड सर राहतात, मुस्लिम आहेत, माझ्या मुलीला दहावीचं गणित त्यांनीच शिकवलं, एक रुपया घेतला नाही. मी दारात उभा राहिलो तसे ते आत गेले आणि पाकीट आणून हातात दिलं. मोजून ११ हजार. म्हणजे पाकीट आधीच भरून ठेवलेलं होतं. मी पावती फाडली, ते हसले, चहा घ्या म्हणाले, मी घाईत आहे सांगून निघालो. तेव्हापासून ते तयार पाकीट डोक्यातून जात नाहीये. आनंदाने दिलं की नको तो विषय म्हणून दिलं, मला कळलं नाही आणि विचारायची हिंमतही झाली नाही. दुसऱ्या दिवशी एका बौद्ध ताईंनी सरळ नाही म्हणून सांगितलं, तर व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांना जे बोलले ते वाचून मला रात्री झोप लागली नाही.

मला मंदिर हवंय. पण असं हवंय का? जाणकारांनी सांगा.

कागद_आधी:
दादा, आधी जागेचं बघा. मंजूर लेआउटमधली ओपन स्पेस ही सगळ्या प्लॉटधारकांच्या मोकळ्या हवेसाठी, खेळण्यासाठी सोडलेली असते, जमीन ०.४ हेक्टर किंवा जास्त असली की १० टक्के सोडावीच लागते. क्लबहाऊस, व्यायामशाळा, वाचनालय अशा कामासाठी थोडं बांधकाम चालतं, तेही परवानगी घेऊन. ५४ सह्या जमवल्या तरी परवानगीशिवाय मंदिर उभं करता येत नाही. आणि सार्वजनिक रस्ते, बागा, सार्वजनिक जागा यांच्यावर नवीन अनधिकृत धार्मिक बांधकाम होऊ द्यायचं नाही असा सुप्रीम कोर्टाचा सप्टेंबर २००९ चा आदेश आहे, तो मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा सगळ्यांना सारखा. उद्या कोणी तक्रार केली आणि मूर्ती बसवल्यावर पाडायची वेळ आली तर ते दृश्य कोणालाच बघवणार नाही.

वर्गणीबद्दल. घटनेचं कलम २७ सांगतं की एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी खर्च होणारा कर भरायची सक्ती कोणावर करता येणार नाही. ते सरकारी कराबद्दल आहे, तुमची सोसायटी म्हणजे सरकार नाही, त्यामुळे ते कलम तुमच्या पावती पुस्तकाला थेट लागू होत नाही. पण त्यामागचा विचार घरात पण लागू होतो असं मला वाटतं. माझा पैसा दुसऱ्याच्या देवाला जाईल का हे मी ठरवणार, गर्दी नाही.

पूर्व_भाग:
मला हे पटत नाही, स्पष्ट बोलतो. आजकाल कुठेही देवाचं नाव काढलं की लगेच घटना, कलम, कोर्ट. धर्म म्हणजे घरात दार लावून करायची गोष्ट असं आपल्याकडे कधी होतं? नारळी पौर्णिमेला आम्हा पद्मशालींच्या मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा शहराचा आमचा सगळा पूर्व भाग रस्त्यावर असतो, यात्रेत नंदीध्वज शहरातल्या अडुसष्ट शिवलिंगांना फिरतात तेव्हा निम्म्या शहराचे रस्ते बंद असतात, भीमजयंतीला, गणपतीला, मोहरमला तेच, आणि कोणी कोणाला अडवत नाही. माझी आजी विडी वळायची, दिवसाला हजार विड्या, तिला आयुष्यात चार बायकांसोबत बसून बोलायची जागा एकच होती, देवळाचा कट्टा. क्लबहाऊसमध्ये तिला कोणी बसू दिलं असतं का? म्हणून म्हणतो, मंदिर ही फक्त मूर्ती नसते. आणि शेजाऱ्याने प्रेमाने दिले असतील की, तुम्ही कशाला त्यांच्या मनातलं उकरता?

विजापूर_वेस:
दादा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. तयार पाकिटाबद्दल मी सांगू शकते, कारण आमच्या घरात पण असायचं.

अब्बांच्या कपाटात वरच्या कप्प्यात दोन पाकिटं असायची. एक आमच्या गल्लीतल्या गणपतीचं, त्या मंडळात अब्बा स्वतः होते, मांडव घालायला, लायटिंगला, विसर्जनाला रात्रभर. ते पाकीट द्यायच्या आधी दहा मिनिटं भांडण व्हायचं की यंदा ढोल लै झाले, खर्च कमी करा, आणि मग शंभर जास्तच द्यायचे. दुसरं पाकीट एका वर्षापासून सुरू झालं. शहरात गडबड झाली होती, त्यानंतर ओळख नसलेली पोरं पुस्तक घेऊन यायला लागली. त्यांच्याशी अब्बा भांडायचे नाहीत. हसायचे, चहा विचारायचे आणि पाकीट द्यायचे. दिसायला दोन्ही पाकिटं सारखीच.

पूर्व भागवाले काका, तुमच्या आजीचा कट्टा मला कळतो, खरंच कळतो. यात्रा आली की आम्ही पण गड्ड्यावर जायचो, पाळणे, भाकरीचे स्टॉल, अम्मी बांगड्या भरायची. शहा जहूर दर्ग्यात गुरुवारी किती हिंदू बाया येतात ते किल्ल्याजवळ राहणाऱ्या कुणालाही विचारा. धर्म रस्त्यावर आला म्हणून आम्हाला कधीच त्रास झाला नाही. आम्ही स्वतःहून जायचो म्हणून तो आमचा पण वाटायचा. तुम्ही म्हणता कोणी कोणाला अडवत नाही, बरोबर आहे, पण कोणी कोणाला ओढतही नव्हतं, ते पण म्हणा की.

आणि यात्रेच्या दिवसांतच १२ जानेवारी येते. १९३१ ला त्याच दिवशी इंग्रजांनी येरवड्यात सोलापूरच्या चौघांना फाशी दिली, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. चौघांची घरं वेगळी, देव वेगळे. शाळेत असताना चार हुतात्मा चौकात फुलं वाहायला नेलं होतं, तेव्हा कुर्बान हुसेन नाव मी मोठ्याने वाचलं आणि बाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हे शहर आपलं आहे असं मला पहिल्यांदा तिथं वाटलं. तुमच्या सरांना पण त्यांच्या सोसायटीत तसं वाटावं एवढंच.

पंढरीकर:
मी पंढरपूरचा, आता कामानिमित्त सोलापुरात. धर्म सार्वजनिक असावा की नसावा हा प्रश्न आमच्याकडे विचारून उपयोग नाही, आषाढीला मुख्यमंत्री आणि कार्तिकीला उपमुख्यमंत्री विठ्ठलाची शासकीय महापूजा करतात, सोबत दर्शनरांगेतलं एक वारकरी जोडपं असतं. मला ती पूजा आवडते पण प्रश्नही पडतो, राज्य सगळ्यांचं असताना एका देवाची पूजा राज्याच्या नावाने का. उत्तर सापडलेलं नाही. पण दुसरी बाजू पण बघा, चोखोबांची समाधी महाद्वाराच्या बाहेर आहे, आणि त्यांच्यानंतर सहाशे वर्षांनी, मे १९४७ मध्ये, साने गुरुजींना दलितांसाठी देऊळ उघडावं म्हणून जीव पणाला लावून उपोषण करावं लागलं. पुढे १९७३ च्या कायद्याने बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरेचे हक्क गेले, सुप्रीम कोर्टाने त्यावर जानेवारी २०१४ मध्ये शिक्कामोर्तब केलं. म्हणजे कायद्याने हात घातला म्हणून देव बाटला नाही, उलट जास्त लोकांचा झाला.

तुमच्या सिद्धरामेश्वरांनीच बघा, बाराव्या शतकात देवाचं काम म्हणून काय केलं, तळं खोदलं. त्या पाण्याला जात विचारता येत नाही. सात नंदीध्वज वेगवेगळ्या समाजांच्या मानाचे आहेत, त्यात मातंग समाजाचेही आहेत, हे तुम्ही मिरवणुकीत चालता म्हणजे माझ्यापेक्षा जास्त जाणता. मग त्याच सिद्धेश्वराच्या नावाने त्या बौद्ध ताईंना ग्रुपवर बोलणी बसत असताना तुम्ही गप्प कसे बसलात, हे मला वाईट वाटलं म्हणून लिहिलं, राग मानू नका.

जुळे_सोलापूर:
राग नाही दादा. खरं आहे ते. मी टाइप केलं होतं, पाठवलं नाही.

पूर्व_भाग:
विजापूर वेसवाल्या ताई, पाकिटाचं वाचलं. मंदिर हवंच या मतावर मी अजून आहे, पण हवं तर आमच्या लोकांनी स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या जागेत बांधावं, हे मान्य. कट्टा मात्र ओपन स्पेसमध्ये झालाच पाहिजे, त्याला देव नसला तरी चालेल, म्हाताऱ्या बायकांना बसायला सावली पाहिजे.

जुळे_सोलापूर:
अपडेट देतो. काल संध्याकाळी सरांकडे गेलो, यावेळी चहा घेतला. ११ हजार परत घेऊन गेलो होतो. आधी त्यांनी घेतलेच नाहीत, म्हणाले, "दिलेलं परत घेत नसतात." मी म्हटलं सर, मला खरं सांगा, मनापासून दिले का? बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुम्ही विचारायला आलात ना, आता मनापासून आहेत." मला पुढे बोलता आलं नाही. शेवटी एवढं ठरलं की ते पैसे मंदिराला नाही, कट्टा आणि दोन कडुलिंबाच्या झाडांना.

ताईंकडे पण जाऊन आलो, माफी मागितली. त्यांनी माफ केलं असं म्हणणार नाही, पण ऐकून घेतलं. ग्रुपवर पण लिहिलं, यावेळी पाठवलं. दोघांनी ग्रुप सोडला, एकाने फोन करून फितूर म्हटलं.

रविवारी सकाळी १० ला मीटिंग आहे. ओपन स्पेसमध्ये फक्त कट्टा आणि झाडं, मंदिर ज्यांना हवं त्यांनी वेगळं पावती पुस्तक करून, एका सभासदाचा कोपऱ्यावरचा स्वतःचा प्लॉट आहे तिथं परवानगी मिळाली तर, असं मांडणार आहे. यावेळी हात वर करून मोजायचं, आणि ताईंना आधी बोलू द्यायचं असं सेक्रेटरींकडून कबूल करून घेतलंय. आईला सांगितलं मंदिराला उशीर होणार, ती म्हणाली तोवर मला रिक्षाने तळ्यावर ने. उद्या नेतोय.