अनुभव धागा: गाडी फोडली, मग पहिल्या तासात तुम्ही काय केलंत?

गेल्या आठवड्यात माझ्या गाडीची मागची काच फोडून कुणीतरी सॅक नेली. सॅकेत जिमचे बूट आणि न धुतलेला टॉवेल, त्यामुळे चोराचीच दया आली. पण मी काय केलं? आधी सीटवरच्या काचा झटकल्या, मग दार पुसलं आणि मग पोलिसांना फोन! तुमच्यावर ही वेळ आली असेल तर लिहा. सल्ले नकोत, अनुभव हवेत. (सल्ले येणारच, माहीत आहे.)

* * *

माझ्याकडून एकच गोष्ट बरोबर झाली: हात लावायच्या आधी फोटो. नंबरप्लेटसकट अख्खी गाडी, मग फुटलेली काच, मग उघडा ग्लोव्ह बॉक्स. क्लेमच्या वेळी तेच कामी आले.

* * *

'काय काय गेलं?' असं पोलिसांनी विचारलं, मी म्हटलं लॅपटॉप. सिरियल नंबर? तो खोक्यावर, खोकं रद्दीत. शेवटी खरेदीच्या बिलावर सापडला. घरी येऊन कार्डं ब्लॉक केली, दुसऱ्याच्या फोनवरून ईमेलचा पासवर्ड बदलला, सगळीकडून लॉगआउट केलं. रात्री अकराला बायको म्हणाली, "अरे, घराची जादा किल्ली गाडीतच होती ना?" होती. गाडीच्या कागदपत्रांच्या पाऊचमध्ये. आणि कागदांवर घरचा पत्ता! त्याच रात्री कुलूप बदललं. लॅपटॉपचं दुःख तिथेच संपलं.

* * *

काचेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. बाजूची काच सहसा टेम्पर्ड असते, फुटली की मक्याच्या दाण्याएवढे तुकडे होतात. पुढची लॅमिनेटेड, ती तडकते पण मधल्या थरामुळे जागेवर राहते. दाणे बोथट म्हणून मी निर्धास्त होतो. तळव्यात बारीक कपची घुसली तेव्हा हातमोजे आठवले. अर्धे तुकडे दाराच्या पोटात पडतात. दार आपटलं की आतून खुळखुळ्यासारखा आवाज येतो. नवी काच बसवणाऱ्याला दाराचं पॅनल उघडून ते काढायला सांगा. मी सांगितलं नाही, महिन्याभरात नव्या काचेवर ओरखडे. सीटच्या रुळांतून व्हॅक्युम दोनदा फिरवला, तरी परवा चटईखाली एक दाणा सापडलाच. नवी काच बसेपर्यंत प्लॅस्टिक लावायचं तर रंगावर मास्किंग टेप; पॅकिंगच्या टेपचा चिकटा निघता निघत नाही.

* * *

क्लेम करा म्हणणाऱ्यांनो, आधी हिशेब करा. काचेचा खर्च आपण भरायच्या ठरलेल्या रकमेच्या आसपासच असेल, तर हातात काय येणार? वर नो क्लेम बोनस जायचा. मी खिशातून भरले. शिवाय गाडीच्या पॉलिसीत आतलं सामान बहुधा धरत नाहीत, हे मला चोरी झाल्यावर कळलं.

* * *

वरच्यांशी अर्धा सहमत. सामान माझ्या घराच्या पॉलिसीतून मिळालं! पण पोलीस तक्रारीचा क्रमांक मागितला. म्हणून क्लेम करा न करा, तक्रार नोंदवाच.

* * *

माझी काच फुटलीच नव्हती. रिमोट दाबून मागे न बघता निघालो होतो. लॉक झालीच नसेल, किंवा कुणी सिग्नल अडवला असेल; कळायला मार्ग नाही. आता इंडिकेटर लुकलुकले तरी हँडल ओढून बघतो. मुलं हसतात.

* * *

समोरच्या दुकानाचं सीसीटीव्ही फुटेज मागायला मी पाचव्या दिवशी गेलो. त्यावर नवं रेकॉर्डिंग चढलं होतं. त्याच दिवशी जायला हवं होतं. पण येताना सहज गल्लीतल्या कचरापेटीमागे डोकावलो, तर माझी बॅग! पैसे गायब, पासपोर्ट आणि चष्मा शाबूत. पासपोर्ट हरवल्याची तक्रार मात्र आधीच देऊन बसलो होतो, आता तोच रद्द!