एक्झॉस्टच्या गळक्या जॉइंटला काय लावायचं: आरटीव्ही, पेस्ट की नुसतं पॅकिंग?

स्लिपजॉइंट विचारतात:

पेट्रोल गाडी, चार सिलिंडर, टर्बो नाही. एक्झॉस्ट लाइनला तीन जागी गळती वाटते आहे.

१. मॅनिफोल्ड (इंजिनमधून जळका वायू गोळा करणारा भाग) आणि डाउनपाइप (त्याच्या खालचा पाइप) यांचा फ्लँज, म्हणजे बोल्टने जोडायची सपाट पाटी. थंड इंजिन सुरू केलं की टिकटिक आवाज येतो, गरम झालं की जवळजवळ थांबतो.
२. कॅटच्या (वायू शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) मागे पाइपात पाइप घातलेला क्लॅम्पचा जॉइंट. बाहेर काजळीचा पट्टा आहे.
३. मागच्या सायलेन्सरच्या डब्याखाली बारीक भोक, त्यातून थेंब थेंब पाणी.

हाताशी लाल आरटीव्ही (सुकून रबरासारखं होणाऱ्या) सिलिकॉनची ट्यूब आहे, तिच्यावर ३४० अंश लिहिलंय. दुसरी एक्झॉस्ट पेस्टची डबी, तिच्यावर १००० अंशांच्या वरचा आकडा. आकडा मोठा म्हणून तिन्हीकडे पेस्टच लावावी का? किती जाड लावायची आणि गाडी कधी चालवायची?

---

फिटर८:

आधी तिसरं निकालात काढू. भोक डब्याच्या सर्वात खालच्या बाजूला, गोल, साधारण ३ मिमीचं आणि कडा स्वच्छ असतील तर ते कारखान्यातच पाडलेलं निचऱ्याचं भोक आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. डबा थंड असताना त्यातलं काही आत साचतं आणि तिथून बाहेर पडतं. भोक बुजवलंत तर डबा आतून गंजेल. कडा वेड्यावाकड्या, आजूबाजूचा पत्रा पापुद्रे सुटलेला, टोचणी टोचली की आत जाते, असं असेल तर तो गंज. तिथे पेस्ट लावून उपयोग नाही, कारण तिला धरायला पत्राच उरलेला नसतो. डबा बदला.

आता आकड्याबद्दल. ट्यूबवरचा ३४० हा थोड्या वेळापुरता असतो. लाल आरटीव्ही सतत साधारण २६० अंशांपर्यंतच टिकतो, तांब्याच्या रंगाचा थोडा वर. पेट्रोल इंजिनच्या मॅनिफोल्डमधला वायू पूर्ण लोडवर ८०० अंशांच्या आसपास जातो. तिथे सिलिकॉन जळतं आणि पांढरी भुकटी उरते. दुसरी अडचण अशी की आरटीव्ही हवेतल्या ओलाव्याने कडेकडून आत सुकतो, दिवसाला जेमतेम २-३ मिमी. रुंद फ्लँजच्या मधोमध तो कच्चाच असतो आणि तुम्ही इंजिन तापवता. एक्झॉस्टच्या तापत्या भागात त्याला जागा नाही. व्हॉल्व्ह कव्हर, थर्मोस्टॅटचं घर, तिथे खुशाल वापरा.

पेस्ट ही मुळात सोडियम सिलिकेट आणि त्यात मातीसारखा भराव. पाणी उडालं की दगडासारखी होते. उष्णता सोसते, पण वाकणं आणि धक्का सोसत नाही. म्हणून पेस्टची निवड करताना तापमानाच्या आधी एक विचारा: हा जॉइंट हलतो का? हलत असेल तर डबीवर कितीही मोठा आकडा असू दे, ती तडकणार. दुसऱ्या नंबरचा जॉइंट घट्ट क्लॅम्पचा आहे, तिथे पेस्ट योग्य. पहिल्याला पॅकिंग.

---

काजळी_पुसा:

फिटर८ यांच्याशी सहमत. दुसऱ्या जॉइंटला पेस्ट कशी लावायची ते सांगतो, कारण गडबड बहुतेक तिथेच होते.

लाइन पूर्ण थंड हवी. गाडी जॅकवर नाही, जॅक स्टँडवर. क्लॅम्प सैल करून पाइप पिळत पिळत ओढा. न सुटल्यास भेदक तेल मारून थांबा. त्यानंतर दोन्ही पृष्ठभाग वायर ब्रशने आणि ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा. जुनी पेस्ट कोणत्याही थिनरने विरघळत नाही, छिन्नीनेच खरवडावी लागते. शेवटी तेलाचा अंश राहू नये म्हणून ब्रेक क्लीनर, आणि तो पूर्ण उडून जाऊ द्या.

पेस्ट फक्त आत जाणाऱ्या पाइपच्या बाहेरून लावायची. तोंडापासून ५-६ मिमी कोरं सोडा, पुढे साधारण १ मिमीचा थर. घालताना जास्तीची पेस्ट मागे, बाहेर ढकलली जाते, ती पुसून टाकता येते. बाहेरच्या पाइपच्या आतून लावलीत तर तीच पेस्ट पुढे सरकून पाइपात कंगोरा होते, सुकते, तुटते आणि तुकडे वायूबरोबर मागे जातात. तुमच्याकडे कॅट पुढे आहे म्हणून वाचलात. कॅटच्या आधीच्या जॉइंटला असं केलं तर तुकडे थेट कॅटच्या जाळीवर.

पाइप एकमेकांत किमान ४० मिमी गेला पाहिजे. बाहेरच्या पाइपला चिरा असतील तर क्लॅम्पने त्या पूर्ण झाकल्या पाहिजेत. चीर बाहेर डोकावली तर गळती तिथूनच राहणार. शक्य असेल तर यू-क्लॅम्पऐवजी रुंद पट्टीचा क्लॅम्प घ्या. यू-क्लॅम्प पाइपला दोन ठिकाणी चेपतो आणि पुढच्या वेळी तो पाइप सुटत नाही.

पेस्ट ओली असतानाच पाइप फिरवून हँगर सरळ करा आणि क्लॅम्प पूर्ण आवळा. सुकल्यावर अर्धा फेरासुद्धा आवळू नका, थर फुटतो. मग १० मिनिटं इंजिन नुसतं आयडलवर, बंद, आणि रात्रभर तसंच. लगेच रेस केलीत तर आतल्या पाण्याची वाफ होऊन पेस्ट फुगते आणि भजीसारखी जाळीदार होते. बाहेरून कडक दिसते, आतून भोकं. डबीवर वेगळी वेळ दिली असेल तर ती पाळा. हातमोजे घाला, ओला सिलिकेट अल्कलाइन असतो, त्वचेला आणि डोळ्यांना चरचरतो. ओला असताना साध्या पाण्याने धुतला जातो.

---

पाना_तेरा:

पहिल्या फ्लँजला पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना तांब्याचा आरटीव्ही पातळ लावून बसवतात की. पॅकिंग जागेवर चिकटून राहतं, काम सोपं होतं.

---

लॅम्डा:

@पाना_तेरा, चिकटून राहतं, पण किंमत ऑक्सिजन सेन्सर मोजतो. सिलिकॉनची वाफ वायूत मिसळली की सेन्सरच्या तोंडावर सिलिकाचा थर बसतो, सेन्सर मंदावतो आणि हा थर धुऊन निघत नाही. ‘सेन्सरला सुरक्षित’ लिहिलेल्या ट्यूबमधून वाफा कमी निघतात, पण तिची उष्णतेची मर्यादा तीच. शिवाय ग्रॅफाइटचं पॅकिंग कोरडं बसवण्यासाठीच बनवलेलं असतं. मध्ये निसरडा थर घातला की बोल्ट आवळताना ते बाजूला सरकू शकतं. पॅकिंग पडत असेल तर स्टडवरून (बिनडोक्याच्या, आट्यांच्या दांड्यांवरून) अडकवा. स्टड नसतील तर तात्पुरते दोन लांब स्टड लावून काम करा.

@स्लिपजॉइंट, पहिली गळती हलक्यात घेऊ नका. ती सेन्सरच्या आधी आहे. एक्झॉस्टमध्ये दाब सलग नसतो, प्रत्येक धडक्यानंतर क्षणभर तो हवेच्या दाबाखाली जातो आणि फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला जास्त ऑक्सिजन दिसतो, ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) वाटतं मिश्रण पातळ आहे, तो पेट्रोल वाढवतो. स्कॅनर लावून आयडलवर फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा कमी करतो तो आकडा) बघा. १० टक्क्यांच्या वर अधिक दाखवत असेल आणि रेसवर कमी होत असेल तर इनटेकची गळती आणि ही, दोन्ही तपासा. पी०१७१ (मिश्रण पातळ असल्याचा) कोड याच कारणाने येऊ शकतो.

गळती शोधायला सोपी पद्धत: इंजिन थंड आणि बंद. व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू कापडाने सायलेन्सरच्या टोकाला लावा आणि प्रत्येक जॉइंटवर साबणाचं पाणी शिंपडा. फेस येईल तिथे फट. चालू इंजिनखाली बंद जागेत डोकं घालून शोधू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

---

स्लिपजॉइंट:

फेस पहिल्या आणि दुसऱ्या जागी आला. तिसरं भोक गोल, स्वच्छ आहे, म्हणजे निचऱ्याचंच. डाउनपाइप उतरवला. फ्लँजवर सरळ पट्टी धरली तर बोल्टच्या दोन्ही कानांपाशी पट्टी टेकते, मधोमध ०.३ मिमीचा फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) आत जातो. नवीन पॅकिंग ही तूट भरून काढेल का? की त्यावर पेस्ट?

---

फिटर८:

नाही, दोन्ही नाही. पक्की मर्यादा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते, पण ०.१ मिमीच्या वर गेलं की सपाट करायचंच असं धरा. मोठी सपाट कानस फ्लँजवर आडवी पूर्ण टेकवून हलक्या हाताने चालवा. आधी मार्करने रेघा मारून घ्या, म्हणजे उंच भाग कुठे घासला जातोय ते दिसतं. पाइपच्या तोंडात कापडाचा बोळा ठेवा आणि तो नंतर आठवणीने काढा. फ्लँज पातळ असेल तर कानस न चालवता बदला, नाहीतर तो पुन्हा वाकेल. मॅनिफोल्डची बाजूही तपासा, तीही वाकलेली असू शकते.

नवे नट तांब्याचा मुलामा दिलेले किंवा उष्णतेसाठीचे घ्या. साधे जस्ताचा मुलामा दिलेले नकोत, जस्त ४१९ अंशांना वितळतं. स्टडला निकेलची अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) थोडी लावा, पण मॅन्युअलमधला टॉर्क (आवळण्याचा जोर) कोरड्या आट्यासाठी असेल तर तेवढाच आवळल्यास प्रत्यक्ष ताण जास्त पडतो, हे लक्षात असू द्या. एम८ ला साधारण २०-२५ न्यूटन-मीटर, एम१० ला ४०-५०, मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर तेच खरं. दोन्ही नट आळीपाळीने, तीन टप्प्यांत. एकच आधी पूर्ण आवळला तर फ्लँज तिरका बसतो. स्प्रिंगचे बोल्ट असतील तर ते खांद्यापर्यंतच आवळायचे. तो जॉइंट मुद्दाम हलता ठेवलेला असतो, त्यात गोल रिंगचं पॅकिंग येतं आणि पेस्ट अजिबात नाही.

---

काजळी_पुसा:

एक राहिलं. लाइन ५०० अंशांनी तापली तर साध्या पोलादाचा एक मीटर पाइप सुमारे ६ मिमी लांबतो, स्टेनलेस ८ च्या पुढे. ही वाढ हँगरच्या रबरांनी आणि जाळीच्या फ्लेक्स पाइपने झेलायची असते. रबर तुटलेलं किंवा ताणून बसवलेलं असेल तर सगळा ताण जॉइंटवर येतो. तेव्हा क्लॅम्प आवळण्याआधी सगळी रबरं सैल लटकू द्या आणि लाइन कुठे चॅसिसला टेकत नाही ना ते बघा. इंजिन माउंटही हलवून बघा. त्याचं रबर दबून गेलेलं असेल तर गिअर टाकताना इंजिन डोलतं आणि त्याचा पहिला झटका तुम्ही आत्ताच सपाट केलेल्या फ्लँजला बसतो.