मदत हवी आहे: सापुताऱ्याच्या उतारावर पुढचा ब्रेक गेला, शनिवारी आईला वणीला न्यायचंय

रावपुरा_रायडर
कोणीतरी लवकर सांगा. शनिवारी पहाटे बाइकवर बडोद्याहून निघायचंय, सापुतारा करून पुढे वणी. मागे आई असेल, गडावरच्या सप्तशृंगी देवीची ओटी भरायची राहिली आहे. गेल्या रविवारी एकटा सापुताऱ्याला जाऊन आलो. उतरताना पुढच्या ब्रेकचा लिव्हर पार ग्रिपला टेकला, गाडी थांबेना. मेकॅनिकने पॅड बदलले आणि म्हणाला, काही झालेलं नाही, बिनधास्त जा. माझा जीव होत नाही. काय करू?

घाटवेडा
गाडी कुठली, किती सालची, पुढे डिस्क की ड्रम? लिव्हर नंतर परत आला की तसाच राहिला? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

मांजलपूरकर
दोन माणसं आणि सामान घेऊन छोट्या गाडीवर घाट करूच नये. मी ३५० सीसी घेतली, दोन्हीकडे डिस्क, ड्युअल चॅनल एबीएस. तेव्हापासून काळजीच नाही.

घाटवेडा
एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. लिव्हरमध्ये जोरच उरला नाही तर एबीएस काय करणार? शनिवारपर्यंत त्यांनी नवी गाडी घ्यायची का?

डांगची_वाट
मी दर श्रावणात जातो. वघई सोडलं की सागाचं जंगल लागतं आणि वर पोचेपर्यंत धुक्यात पुढच्या गाडीचा लाल दिवासुद्धा दिसत नाही. हेल्मेटच्या काचेला आतून साबणाचा पातळ हात फिरवून कोरड्या फडक्याने पुसा, वाफ धरत नाही. आईंसाठी पँटसकट रेनकोट घ्या, पोंचो चाकात अडकतो.

सयाजीगंज_काका
आईंना एवढ्या लांब दुचाकीवर कशाला? बिलीमोऱ्याहून वघईला आपल्या गायकवाड सरकारची छोटी रेल्वेगाडी आहे, १९१३ सालची, ६३ किलोमीटरची लाइन. लहानपणी वडिलांबरोबर गेलो होतो, खिडकीतून हात काढला की पानं लागायची.

रावपुरा_रायडर
काका, छोटी गाडी नंतर नक्की दाखवेन आईला, आत्ता ब्रेकचं बघायचंय. १५० सीसी, २०२१ची, बीएस ६. पुढे डिस्क, मागे ड्रम. लिव्हर परत आला ना. शामगहानला मागच्या ब्रेकवर कशीबशी थांबवली, चहा घेतला, २०-२५ मिनिटांनी लिव्हर आपोआप जागेवर. म्हणून तर मेकॅनिकला काही सापडलं नाही.

घाटवेडा
हेच तर हवं होतं! पॅडचा दोष नाही, ब्रेक ऑइल उकळलं. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. नवं डॉट ४ ग्रेडचं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की १५५ पर्यंत खाली येऊ शकतं. मग नळीत वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून लिव्हर पोकळ लागतो. थंड झालं की सगळं ठीक दिसतं. शनिवारी परत तेच होईल. ऑइल शेवटचं कधी बदललं? आणि उतरताना गिअर कुठला होता?

रावपुरा_रायडर
ऑइल कधीच बदललं नाही, बदलायचं असतं हेच माहीत नव्हतं. आणि न्यूट्रलमध्ये होतो. आमचा ग्रुप सगळा तसाच उतरतो, पेट्रोल वाचतं म्हणून.

मांजलपूरकर
वाचतंच की. मी वीस वर्षं तसाच उतरतोय.

घाटवेडा
दादा, फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकून अॅक्सिलरेटर सोडला की पेट्रोल जवळपास बंदच होतं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. आणि गाडी रोखायचा सगळा भार ब्रेकवरच येतो. इथे त्यांच्या मागे आई बसणार आहे, कृपया हा सल्ला देऊ नका.

रायडर, जुनं ऑइल पूर्ण काढून, नवं भरून ब्लीड करून घ्या, म्हणजे नळीतली हवा काढून घ्या, समोर उभं राहून. झाकणावर लिहिलेला ग्रेडच घाला, डॉट ४ च्या जागी सिलिकॉनचं डॉट ५ चालत नाही. टाकीवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग जातो. पुढे दर दोन वर्षांनी बदला. उतरताना दुसरा-तिसरा गिअर, वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक ठामपणे दाबून सोडायचे, सतत बोट टेकवून ठेवायचं नाही. निघण्याआधी गर्दी नसताना पावागडला माचीपर्यंतचा घाट चढून उतरून बघा.

डांगची_वाट
आणि अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्या. एसटी वळणावर अख्खा रस्ता घेते.

रावपुरा_रायडर
काल ब्लीड केलं. चहासारखं काळपट ऑइल निघालं, नवं अगदी फिकट पिवळं. आज सकाळी माचीवरून दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. इंजिन घुमत होतं पण गाडी हाताबाहेर गेली नाही. खाली डिस्कजवळ हात नेला तर झळ लागली, लिव्हर मात्र घट्ट. घाटवेडा, खूप आभार. आईने ओटीची पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. एकच राहिलं, नांदुरीहून गडावर जाणारा घाट याहून उभा आहे का?

घाटवेडा
साधारण दहा किलोमीटर आहे, वळणं जवळजवळ. पहिला-दुसरा गिअर लागेल, उतरतानाही तोच. पायऱ्या आईंना जमणार नसतील तर वर ट्रॉली आहे. पिशवी टाकीवर बांधा, आईंच्या मागे नको, आणि मागच्या टायरची हवा दोघांच्या हिशोबाने भरा.