सलाईनचे थेंब आणि मामांचा एआय : 'न्यूमेरिकल्सचा होमवर्क बंद करा' म्हणणाऱ्यांना उत्तर

सिस्टर_ट्यूटर
काल मनीषनगरच्या मामांची पोस्ट वाचली आणि रात्रपाळीनंतरची झोप उडाली. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मामांची भाची नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, रात्री उशिरापर्यंत थेंबांचे आणि डोसचे हिशेब करत बसते. मामांच्या मते हा 'जुन्या मास्तरांनी चालवलेला छळ' आहे. वॉर्डात पंप असतो, मोबाईलमध्ये एआय असतो, सबब नर्सिंग, फार्मसी, फिजिक्स, केमिस्ट्री, सगळीकडचा न्यूमेरिकल्सचा होमवर्क बंद करा. खाली लाईकांचा नुसता पाऊस.

मामा, पंप कोणत्या वॉर्डात असतो हो? आयसीयूत असतो. जनरल वॉर्डात एक सिस्टर, समोर खाटांची रांग आणि हातात घड्याळ. ५०० मिली सलाईन ४ तासांत द्यायचं, सेट (सलाईनची नळी) २० थेंबांचा, म्हणजे २० थेंबांना १ मिली, तर मिनिटाला साधारण ४२ थेंब. स्टोअरमधून त्या दिवशी ६० थेंबांचा मायक्रो सेट आला तर तेच १२५. पोरीनं सवयीनं ४२ लावले की ४ तासांचं सलाईन १२ तास चालणार. उलट झालं, म्हणजे साध्या सेटवर १२५ सोडले, तर ८० मिनिटांत बाटली रिकामी. पेशंट हार्टचा असेल तर पुढे काय होतं ते भाचीलाच विचारा. आणि पंप असला तरी त्यात आकडा कोण टाकतं? पंपाला काय, ताशी १२५ टाका नाहीतर १२५०, तो इमानदारीनं सोडत राहतो.

एक खरी गोष्ट सांगते. माझी एक विद्यार्थिनी सुटीत गावी गेली होती. तिच्या काकूंची शुगर कितीही केलं तरी खाली येईना. घरात रोज भांडण, काकू चोरून आंबे खातात म्हणून. पोरीनं सिरिंज हातात घेतली. इन्सुलिनची बाटली ४० ची, म्हणजे मिलीत ४० युनिट, सिरिंज केशरी टोपीची, म्हणजे मिलीला १०० युनिट धरून खुणा केलेली. दुकानदारानं जी हाताला लागली ती दिली होती. २० च्या खुणेपर्यंत भरलं की अंगात जात होते ८ युनिट. काकूंचे आंबे निर्दोष सुटले. हीच अदलाबदल उलटी झाली असती, १०० ची बाटली आणि ४० ची सिरिंज, तर २० च्या जागी ५० गेले असते आणि काकू सकाळी उठल्या नसत्या. त्या पोरीनं हा गुणाकार ओसरीवर उभ्या उभ्या केला, कारण असले हिशेब मी तिच्याकडून रडेपर्यंत करून घेतले होते. बोला आता.

मनीषनगरचे मामा
ताई, पोस्ट नीट न वाचता तलवार काढली तुम्ही. पहिलं म्हणजे तुमची गोष्ट टोपीच्या रंगाची आहे. ४० ची लाल आणि १०० ची केशरी ओळखायला गणित लागत नाही, डोळे लागतात.

दुसरं, मी हिशेब शिकवू नका म्हटलंच नाही. भाचीला काय देतात ते बघा एकदा. झेरॉक्सचं पान, त्याचीही झेरॉक्स, दशांश चिन्ह कुठे गेलं देव जाणे. एकाच साच्याचे वीस प्रश्न, फक्त आकडे बदललेले. प्रत्येक पेशंट ७० किलोचा! आपल्याकडच्या वॉर्डात ७० किलोची बाई दाखवा मला. एक पोरगी सोडवते, बाकीचा वर्ग उतरवतो, मॅडम न उघडता सही करतात. याला तुम्ही शिक्षण म्हणता? उतरवायचंच आहे तर एआयकडून उतरवा, निदान अक्षर तरी समजेल.

बर्डीचा_बाब्या
काऊन भांडून राहिले बे सकाळी सकाळी. मी बीएस्सी फिजिक्सवाला. आमच्या सरांनी थर्मोमध्ये एकच प्रश्न दिला होता: बाहेर ४४ अंश, आर्द्रता २० टक्के, डेझर्ट कूलर जास्तीत जास्त किती थंड हवा देईल? रूममेटनं एआयला टाकलं. चकाचक स्टेप्स, सूत्र, चौकटीत उत्तर: १८ अंश. सरांनी वाचलं आणि म्हणाले, 'वा, वेट बल्बच्या खाली गेला तुझा कूलर, पेटंट घे.' सगळा वर्ग हसून राहिला आणि हा विचारते का वेट बल्ब म्हणजे कोणता बल्ब.

मामांचंही बरोबर आहे पण. जर्नलच्या नावाखाली आम्ही जे उतरवतो ते आमच्या सीनियरनं त्याच्या सीनियरचं उतरवलेलं असते. गुरुत्वाकर्षणाचं रीडिंग पिढ्यानपिढ्या ९.७९ येऊन राहिलं, पेंडुलमची दोरी तुटली त्या वर्षी पण.

त्रिमूर्तीनगर_काका
१८ का येऊ शकत नाही? आमचा कूलर मे महिन्यात दुपारी चादर घ्यायला लावतो. खिडक्या घट्ट बंद, दारालाही पडदा, खोलीचं काश्मीर. तुमच्या सरांना म्हणा पुस्तकातून डोकं काढा आणि आमच्याकडे या.

निवृत्त_थर्मामीटर
काका, खिडक्या घट्ट बंद करून कूलर चालवता? मग ती चादर घामानं ओली होत असणार.

कूलर पाण्याची वाफ करतो, त्या वाफेला लागणारी उष्णता हवेतून घेतो, म्हणून हवा थंड होते. हवा ओलाव्यानं भरली की खेळ संपला. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलं की जे वाचन येतं तेच सरांचं वेट बल्ब. ४४ अंश आणि २० टक्के आर्द्रतेला हे ओल्या फडक्याचं तापमान येतं साधारण २५. त्याखाली कोणताही कूलर जात नाही, इंद्राचा असला तरी. चांगल्या ताट्या (कूलरच्या बाजूंना लावलेल्या, पाण्यानं भिजणाऱ्या गवताच्या जाळ्या) असतील तर फरकाच्या पाऊण हिश्श्यापर्यंत मजल जाते, म्हणजे तोंडाशी ३० च्या आसपास. ४४ मधून आलेल्या माणसाला ३० म्हणजे काश्मीर वाटणारच, त्यात वाद नाही. पण खोलीतली दमट हवा बाहेर जायला वाट पाहिजे, नाहीतर तीच हवा फिरत राहते आणि तासाभरात अंग चिकट.

जुलैत बघा. ३२ अंश, आर्द्रता ८० टक्के, ओल्या फडक्याचं तापमान २९. कूलरनं जीव तोडून काम केलं तरी जेमतेम दोन अंशांचा फायदा. म्हणून नागपुरात पहिला पाऊस पडला की कूलर नुसता पंखा होतो. हे आम्ही पोरांना गृहपाठात द्यायचो. पोरं वैतागायची आणि घरी जाऊन वडिलांशी भांडायची, खिडकी उघडा म्हणून.

त्रिमूर्तीनगर_काका
म्हणजे माझ्या घरातल्या भांडणाचं मूळ तुम्ही आहात तर! खिडकी उघडली की लू आत येते एवढं साधं कळत नाही? पुस्तकी किडे सगळे.

महालचा_जुना
लू आत येत नाही काका. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, त्या दाबानं खिडकीतून हवा बाहेर जाते. पण मला वेगळंच बोलायचंय. हा कूलर पाणी किती पितो त्याचं गणित कोणी देत का नाही? आमच्याकडे नळ येतो तासभर, त्यातलं अर्धं पाणी टाकीत आणि अर्धं या राक्षसाच्या पोटात.

निवृत्त_थर्मामीटर
घ्या, देतो. तासाला ३००० घनमीटर हवा फेकणारा कूलर, म्हणजे सुमारे ३३०० किलो हवा. ती १४ अंशांनी थंड करायची. किलोमागे अंशाला १ किलोज्यूल धरा, झाले ४६ हजार किलोज्यूल. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला लागतात २४०० च्या वर. भागाकार तुम्ही करा.

बर्डीचा_बाब्या
१९ लिटर! तासाला! म्हणूनच रूमवरची टाकी पहाटे कोरडी होऊन राहिली. आम्ही समजत होतो मोटर गळते.

महालचा_जुना
१९ लिटर तासाला आणि वस्तीत घरोघरी कूलर. मग उन्हाळ्यात टँकर का लागतात यावर परिसंवाद कशाला घ्यायचा? आणि फ्लॅटवाले तर एका घरात तीन तीन लावतात. आधी त्यांना मीटर लावा.

त्रिमूर्तीनगर_काका
फ्लॅटवाल्यांवर घसरू नका. आम्ही टॅक्स भरतो.

सिस्टर_ट्यूटर
राजेहो, धागा कूलरचा नाही! मी इन्सुलिन लिहिलं, तुम्ही खिडकीवर पोचलात.

पण आता निघालंच आहे तर ऐका. उन्हाळ्यात हॉस्पिटलांत कोल्ड वॉर्ड उघडतात तिथेही हेच चालतं. उष्माघाताच्या पेशंटचे कपडे काढायचे, अंगावर पाणी शिंपडायचं आणि पंखा जोरात. एक लिटर घामाची पूर्ण वाफ झाली की शरीरातून ५८० च्या आसपास किलोकॅलरी उष्णता जाते. नुसता गळून गादीवर पडलेला घाम काही कामाचा नाही. म्हणूनच दमट हवेत ३६ अंशालाही माणूस कोसळतो. पोरींना हे पाठ करायला सांगितलं की विसरतात. हिशेब करायला लावला की पेशंटच्या अंगावर ओली चादर गच्च गुंडाळून ठेवत नाहीत.

मनीषनगरचे मामा
बघा, आत्ता तुम्ही स्वतः माझाच मुद्दा मांडला. कूलरचा प्रश्न पोरांच्या लक्षात राहिला कारण तो घरातला होता. सत्तर किलोवाला कोणाच्या लक्षात राहतो? मी काय वेगळं म्हणत होतो?

सिस्टर_ट्यूटर
तुम्ही 'बंद करा' म्हणत होता. शीर्षकातच होतं. तीन उद्गारचिन्हांसह.

गोंदिया_पॅसेंजर
कूलरवाल्यांनी जरा जागा द्या. माझी तक्रार जेनेटिक्सच्या गणितांची. आई-बाप दोघं सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक, तर मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, हे बारावीपासून सगळे लिहितात, मार्क घेतात. आमच्या नात्यातल्या एका जोडप्याचं पहिलं मूल एसएस, म्हणजे आजारी निघालं. बीएस्सी झालेला मुलीचा भाऊ छातीठोकपणे म्हणाला, चारातला एक झाला, आता पुढचे तीन सेफ. दुसऱ्या वेळी तपासणीही करून घेतली नाही. दुसरंही एसएस. प्रत्येक खेपेला शक्यता नव्यानं २५ टक्केच असते, मागच्या मुलाचा हिशेब पुढच्याला लागत नाही, हे त्याला कोणत्याच होमवर्कनं शिकवलं नव्हतं. आई-बापाची जनुकं मांडायचा तो चौकोन मात्र सुंदर काढायचा. २०२३ पासून केंद्राचं सिकल सेल मिशन चालू आहे, गावोगावी तपासण्या होतात, कार्डं वाटतात. कार्ड वाचायला कोण शिकवणार?

मनीषनगरचे मामा
हे वाईट झालं. पण हा तुमचा किस्सा होमवर्कच्या बाजूचा की विरोधातला?

गोंदिया_पॅसेंजर
मलाच माहीत नाही. राग आला म्हणून लिहिलं.

निवृत्त_थर्मामीटर
बाजूचाच आहे, फक्त बऱ्या होमवर्कच्या. मी सांगतो गणितं कशाला हवीत. मे २०२४ च्या शेवटी नागपुरात ५६ अंश तापमान झाल्याची बातमी फिरली, आठवतं? प्रत्येक ग्रुपवर. इंजिनिअर, डॉक्टर, प्राध्यापक, सगळ्यांनी पुढे ढकलली. जगातली नोंदलेली सर्वोच्च नोंद ५६.७, तीही कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत, १९१३ ची. आणि आपण धंतोलीत रसवंतीवर उभे राहून त्याला गाठलं? नंतर हवामान खात्यानं सांगितलं की स्वयंचलित केंद्राचा सेन्सर बिघडला होता. आकडा बघितल्या बघितल्या 'हे शक्य आहे का?' असं मनात यायला हवं. ते एआयला विचारून येत नाही, कारण विचारायचं आहे हेच मुळात सुचत नाही.

त्रिमूर्तीनगर_काका
त्या दिवशी ५६ च होतं. सरकारनं दाबलं. माझ्या गाडीच्या डिस्प्लेवर ५३ होतं.

बर्डीचा_बाब्या
काका गाडी उन्हात उभी होती का?

त्रिमूर्तीनगर_काका
मग काय फ्रीजमध्ये ठेवू?

मनीषनगरचे मामा
ठीक आहे. सिस्टर ताईंचा विजय असो. शाल-नारळ माझ्याकडून, सत्कार झाशी राणी चौकात. होमवर्क ठेवा. पण पेशंट ४२ किलोचा द्या, सेट कोणता आला आहे ते प्रश्नात लिहू नका, पोरीला विचारू द्या. आणि सही करणाऱ्यांनी निदान एक तरी गणित उघडून बघावं. भाचीच्या वहीत परवा मी स्वतः बघितलं, उत्तर मिनिटाला ४२०० थेंब, खाली लाल शाईत 'गुड'.

सिस्टर_ट्यूटर
४२०० वर 'गुड'? त्या मॅडमना माझ्याकडे पाठवा, त्यांनाच वीस प्रश्न देते. सत्तर किलोचं मात्र तुमचं मान्य, नाइलाजानं. सेट न लिहिण्याची कल्पनाही बरी आहे. तुम्हाला सुचली याचंच आश्चर्य.

बर्डीचा_बाब्या
मंडळी, मी रूमवर प्रयोग केला. दोन थर्मामीटर, एकाच्या टोकाला ओलं फडकं. बाहेर कोरडं ४२, ओलं २४. कूलरच्या तोंडाशी २९. फरक १८ चा, त्यातले १३ मिळाले, म्हणजे ७२ टक्के. ताट्या मागच्या वर्षीच्याच आहेत. काका, खिडकी उघडी होती.

त्रिमूर्तीनगर_काका
थर्मामीटर स्वस्तातला असेल. असलं काही मी मानत नाही.

निवृत्त_थर्मामीटर
बाब्या, काकांची शंका चुकीच्या कारणासाठी का होईना, रास्त आहे. दोन्ही थर्मामीटर आधी एकाच बादलीभर पाण्यात बुडवून बघ, सारखं वाचतात का. आणि २९ घेतलंस ते पाणी टाकल्यावर लगेच की अर्ध्या तासानं, तेही लिही.

बर्डीचा_बाब्या
बादलीत एक २७ दाखवते अन् दुसरा २८.५. आता कोणता खरा?