फेनतरणात तांबे नेमके कुठे हरवते?

निरभ्र

नमस्कार. मी धातुशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असून प्रकल्पासाठी तांब्याच्या कमी प्रतीच्या धातुकाचा हिशेब मांडत आहे. धातुकात ०.६ टक्के तांबे धरले, तर १००० किलोमध्ये ६ किलो तांबे असते. रिकव्हरी (धातुकातील तांब्यापैकी हाती येणारा भाग) ८८ टक्के आणि कॉन्सन्ट्रेटमधील, म्हणजे वेगळ्या काढलेल्या समृद्ध मालातील, तांबे २६ टक्के धरल्यास भट्टीकडे जेमतेम २० किलो माल जातो आणि सुमारे ७२० ग्रॅम तांबे टेलिंग्जबरोबर, म्हणजे टाकाऊ गाळाबरोबर, वाहून जाते.

फेनतरणाची, म्हणजे खनिजाचे कण बुडबुड्यांना चिकटवून फेसाबरोबर वर काढण्याच्या पद्धतीची, आकृती आपण सर्वांनी शाळेत काढली आहे: टाकीत पाणी, पाइन तेल आणि धातुकाची भुकटी, खालून हवा, वर फेस. शंभर वर्षांहून जुन्या या पद्धतीतून आजही इतके तांबे का निसटते, आणि ते पकडण्यासाठी संशोधनातून प्रत्यक्षात काय हाती आले आहे? मार्गदर्शकांनी नवीन रसायनाच्या शोधाचा विषय सुचवला आहे. तो घ्यावा का, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना गिरणीवाला

निरभ्र, हिशेब बरोबर आहे. आकृतीत मात्र एक गोष्ट अर्धवट राहते. पाइन तेल मुख्यतः फेस टिकवते; खनिजाचा कण बुडबुड्याला चिकटावा यासाठी झँथेटसारखे कलेक्टर (कणाला चिकटून त्याला पाण्यापासून दूर ठेवणारे रसायन) घालावे लागते. त्याच्या रेणूचे गंधकाचे टोक सल्फाइडच्या, म्हणजे गंधकयुक्त खनिजाच्या, पृष्ठभागाला धरते आणि तेलकट शेपटी पाण्याकडे राहते, त्यामुळे त्या कणाला पाण्यापेक्षा हवा जवळची वाटू लागते.

तांबे निसटू लागले की पहिला हात रसायनाच्या डब्याकडे जातो. मी काम करत होतो त्या कारखान्यातही तेच झाले. रिकव्हरी घसरली म्हणून आम्ही झँथेटची मात्रा वाढवत नेली. फेस टाकीबाहेर सांडू लागला, पायराइट हे लोह-गंधकाचे नको असलेले खनिजही त्याच्याबरोबर वर आले, कॉन्सन्ट्रेटची प्रत उतरली आणि टेलिंग्जमधले तांबे मात्र जिथल्या तिथे राहिले. शेवटी टेलिंग्जचा नमुना चाळण्यांवर चाळून प्रत्येक आकारगटातील तांबे वेगळे मोजले, तेव्हा कळले की मधल्या आकाराचे कण जवळपास सगळे पकडले जात आहेत आणि नुकसान दोन टोकांना आहे. १५० मायक्रॉनवरच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कणांत तांबे क्वार्ट्झ या टाकाऊ खनिजामध्ये अडकलेले होते. सूक्ष्मदर्शकाखाली राखाडी दाण्याच्या पोटात पितळी रंगाचा ठिपका स्वच्छ दिसे, पण तो उघडाच पडलेला नसल्यामुळे कलेक्टरने धरायचे तरी कशाला? दुसऱ्या टोकाला १० मायक्रॉनखालचे कण पूर्ण मोकळे होते; मात्र ते इतके हलके की बुडबुड्यावर आदळण्याऐवजी पाण्याच्या प्रवाहाबरोबर त्याला वळसा घालून निघून जात.

एवढी बारीक भुकटी तयार कशी झाली, याचे उत्तर हायड्रोसायक्लोनमध्ये, म्हणजे दळलेला माल पाण्यासह गरगर फिरवून जाड-बारीक वेगळे करणाऱ्या यंत्रात, सापडले. सायक्लोन कणाचा आकार आणि घनता दोन्ही पाहतो. चॅल्कोपायराइट या तांब्याच्या मुख्य खनिजाची घनता सुमारे ४.२ आणि क्वार्ट्झची २.६५ असल्याने चॅल्कोपायराइटचा ४० मायक्रॉनचा कण सायक्लोनला क्वार्ट्झच्या ५५ मायक्रॉनच्या कणासारखा वाटतो. परिणामी पुरेसे दळलेले तांबेही जाड समजून पुन्हा बॉल मिलमध्ये (पोलादी गोळ्यांनी दळणाऱ्या फिरत्या पिंपात) जाते आणि विनाकारण भरडले जाते, तर अडकलेले तांबे पोटात घेऊन क्वार्ट्झचे जाड दाणे पुढे निघून जातात. केवळ आकार पाहणाऱ्या बारीक कंपन-चाळण्या बसवल्या की दोन्ही टोकांचे नुकसान एकदम कमी होते. तुमच्या विषयाबद्दल माझे मत यातूनच लक्षात येईल.

कणाद

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. मात्र काही धातुके अशी असतात की अतिबारीक दळण्यावाचून गत्यंतर नसते. ऑस्ट्रेलियातील मॅकआर्थर रिव्हर येथील शिसे-जस्ताचा साठा १९५५ मध्ये सापडला, पण खाण सुरू झाली ती १९९५ मध्ये. तिथली खनिजे एकमेकांत इतकी बारीक विणलेली आहेत की ती सुटी करण्यासाठी ८० टक्के माल ७ मायक्रॉनखाली न्यावा लागतो. नेहमीच्या बॉल मिलने तेवढे दळायचे तर विजेचा खर्चच डोईजड होतो. ऑस्ट्रेलियातीलच माउंट आयसा येथे विकसित झालेल्या आयसामिल या गिरणीने ही कोंडी फोडली. आडव्या पिंपात चकत्या वेगाने फिरतात आणि मोठ्या गोळ्यांऐवजी बारीक दाण्यांचे माध्यम घुसळले जाते. दाणे लहान असल्याने तेवढ्याच जागेत घर्षणाच्या जागा कितीतरी पटींनी वाढतात.

त्यातून आणखी एक फायदा झाला, आणि माझ्या मते तो जास्त बोधप्रद आहे. पोलादी गोळ्यांनी दळताना झिजलेले लोखंड खनिजाच्या पृष्ठभागावर गंजाचा पातळ थर चढवते आणि कलेक्टरला धरायला जागा उरत नाही. वाळू, भट्टीची मळी (धातू वितळवताना वेगळा होणारा टाकाऊ भाग) किंवा सिरॅमिकचे दाणे वापरले की पृष्ठभाग स्वच्छ राहतो. म्हणजे ज्याला आपण रसायनाचा दोष म्हणतो, तो पुष्कळदा गिरणीतून आलेला असतो. जाड कणांसाठीही तळातून वर चढणाऱ्या पाण्याच्या थरात कण अलगद तरंगत ठेवून फेनतरण करणारी यंत्रे आली आहेत. दळण्याची वीज वाचवण्याची मोठी संधी तिथे आहे.

भट्टीकर

सगळी चर्चा रिकव्हरीभोवती फिरते आहे, म्हणून भट्टीच्या बाजूने एक आक्षेप नोंदवतो. फिनलंडमधील हार्याव्हाल्टा येथे १९४९ मध्ये ओउटोकुंपू कंपनीने फ्लॅश स्मेल्टिंग सुरू केले, ते युद्धानंतरच्या विजेच्या टंचाईमुळे. कोरडे कॉन्सन्ट्रेट हवेबरोबर भट्टीत सोडले की त्यातील गंधक आणि लोह काही क्षणांत जळतात, आणि वितळण्यासाठी लागणारी बरीचशी उष्णता मालातूनच मिळते. बाहेर पडणारा सल्फर डायऑक्साइड दाट असल्यामुळे त्यापासून सल्फ्युरिक आम्ल करणेही परवडते. थोडक्यात, कॉन्सन्ट्रेट हे आमचे इंधन आहे; त्यात क्वार्ट्झ वाढले की जळणारा भाग घटतो आणि मळी वाढते. म्हणून शेवटचे दोन टक्के तांबे पकडण्याच्या हट्टापायी प्रत उतरवलेला माल आम्हाला नको असतो.

नवीन रसायन निकामी आहे, असेही मी म्हणणार नाही. एनार्जाइट या खनिजात सुमारे ४८ टक्के तांबे असते, पण त्यासोबत १९ टक्के आर्सेनिकही असते, आणि फेनतरणात ते चॅल्कोपायराइटसारखेच वागते. या दोघांना वेगळे करणारे रसायन ज्याला साधेल त्याचे प्रत्येक भट्टीवाला स्वागत करील. तिथे चाळणी उपयोगी पडत नाही.

निरभ्र

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी ७२० ग्रॅमचा आकडा एकसंध धरला होता, ही माझी चूक झाली. मार्गदर्शकांशी बोलून प्रथम टेलिंग्जचे आकारगट पाडणार आहे. प्रयोगशाळेत हे करताना कोणती काळजी घ्यावी?

जुना गिरणीवाला

नमुना कोरडा चाळू नका. बारीक कण जाड कणांना चिकटून राहतात आणि आकडे फसवतात. आधी सर्वांत बारीक चाळणीवर पाण्याने धुऊन घ्या, खाली गेलेले पाणी फेकू नका, मग उरलेले वाळवून जाड चाळण्यांवर घाला. प्रत्येक गटाचे वजन आणि त्यातील तांब्याचे प्रमाण यांचा गुणाकार करून बेरीज करा आणि ती न चाळलेल्या नमुन्याच्या आकड्याशी ताडून पाहा. बेरीज जुळली नाही, तर पुढचा एकही निष्कर्ष लिहू नका. पुन्हा नमुना घ्या.